बॉनेट उघडं ठेवून केलेली चौकशी

पंचेचाळीस मिनिटं झाली आणि इंजिन काही केल्या बंद पडेना.

तुर्भ्याच्या एका गोदामात आम्ही गाडीला घेराव घालून उभे होतो. मे महिना, डोक्यावर पत्रा आणि आत चालू इंजिनाचा धूर. गाडीचं बॉनेट सताड उघडं. धूर बाहेर जावा आणि अध्यक्षसाहेबांचा शर्ट भिजू नये म्हणून लग्नाच्या मांडवात असतो तसला मोठा उभा पंखा आणला होता. तो अध्यक्षांच्या मागे ठेवलेला. त्याचा वारा त्यांच्या पाठीवरून थेट इंजिनावर जात होता.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

"काय मोरे, कुठे बंद पडतंय?"

"अजून तरी नाही, साहेब," मी म्हणालो.

"अजून म्हणजे? ही तिसरी टेस्ट आहे."

कंपनीचे इंजिनिअर गालातल्या गालात हसले. त्या उकाड्यातही त्यांनी टाय लावलेला होता. आमचे क्लार्क पाटणकर स्टुलावर बसून रजिस्टरमध्ये दर पंधरा मिनिटांनी सुरेख अक्षरात लिहीत होते: 'इंजिन नॉर्मल.' मग चहा आला. सरकारी चौकशीत तेवढी एक गोष्ट वेळेवर येते.

मी तेव्हा मोटार वाहन निरीक्षक होतो. गाड्या पास करायच्या, लायसन्सच्या टेस्ट घ्यायच्या आणि अपघात झाला की गाडी तपासून रिपोर्ट द्यायचा, हे माझं काम. लोक आमच्या खात्याकडे ज्या नजरेने बघतात ती नजर आम्ही बऱ्यापैकी कष्टाने कमावलेली आहे, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. काळ ऐंशीच्या दशकाच्या मध्याचा. नवी मुंबई तेव्हा बरीचशी नकाशावरच होती. वाशीत इमारती उभ्या राहिल्या होत्या. बाकी खाडी, मिठागरं, जुनी गावं, कारखाने आणि या सगळ्यांमधून जाणारा ठाणे-बेलापूर रस्ता, ज्यावर दिवसभर ट्रकची रांग असायची.

त्या सुमाराला एका कंपनीने आपल्या जुन्याच गाडीत नवीन, जास्त ताकदीचं पेट्रोल इंजिन बसवून ती विकायला काढली. कंपनीचं नाव लिहीत नाही. टॅक्सीवाल्यांनी ती गाडी हौसेने घेतली आणि वर्षभरात तक्रारी सुरू झाल्या. गाडी चालता चालता बंद पडते. किल्ली फिरवा, ढकला, देवाचं नाव घ्या, हलत नाही. आणि दहा-पंधरा मिनिटांनी पहिल्या किल्लीला सुरू होते. मेकॅनिक येईपर्यंत गाडी ठणठणीत. दवाखान्याच्या पायरीवर थांबणाऱ्या दाढदुखीसारखं हे दुखणं. सांगणारा खोटा पडतो.

असा खोटा पडलेला सगळ्यात दुर्दैवी माणूस म्हणजे धर्मा कोळी. बेलापूरजवळच्या दिवाळे गावचा. घरच्या होडीतला आपला वाटा भावाला विकून त्याने ही टॅक्सी घेतली होती. एका दुपारी रबाळ्याला पहिली पाळी सुटल्यावर त्याने दिघ्याचे चार कामगार माणशी भाडं ठरवून घेतले. पुढे ट्रकची रांग. अर्धा तास गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती. रांग सुटली, धर्माने गिअर टाकला, गाडी शंभरेक पावलं गेली आणि भर रस्त्यात बंद पडली. मागून ट्रक येत होता. त्याला थांबायला जागाच नव्हती. मागच्या सीटवर बसलेले गायकवाड नावाचे फिटर जागच्या जागी गेले.

पोलीस आले. गाडीचा मागचा भाग चेपलेला, पण इंजिन पुढे, त्याला ओरखडा नाही. हवालदाराने किल्ली फिरवली. इंजिन झटक्यात सुरू झालं.

झालं. पंचनाम्यात लिहिलं गेलं, 'इंजिन चालू स्थितीत.' म्हणजे ड्रायव्हरने काही कारण नसताना भर रस्त्यात गाडी उभी केली. निष्काळजीपणाने मृत्यूला कारणीभूत झाल्याचा खटला धर्मावर भरला गेला, लायसन्स निलंबित झालं. गुन्हा शाबीत झाला तर तुरुंग, आणि सुटल्यावर पुन्हा स्टिअरिंगला हात लावायचा प्रश्नच नाही.

वर्तमानपत्रात दोन-तीनदा छापून आलं तेव्हा सरकारला जाग आली आणि समिती नेमली गेली. इंजिनात दोष आहे का ते शोधा, आणि अहवाल कोर्टालाही पाठवा. अध्यक्ष रस्ते बांधणीतले. त्यांचं सगळं आयुष्य डांबरात गेलेलं. दुसरे एक प्राध्यापक, ते जेवणाच्या दिवशी यायचे. तिसरा मी. आणि 'साहाय्यासाठी' कंपनीचे ते टायवाले इंजिनिअर. टेस्टची गाडी कंपनीची, पेट्रोल कंपनीचं, गोदाम कंपनीचं, जेवण कंपनीचं. चौकशी तेवढी सरकारची.

कंपनीचं म्हणणं पहिल्या बैठकीतच टाइप करून आलं होतं. दोष इंजिनात नाही, ड्रायव्हरांत आहे. पुरावा काय? तर अपघाताच्या गाडीत इंजिनाला लावलेल्या पेट्रोलच्या पंपावर एक फडकं सापडलं. 'इंजिनाच्या कक्षात अनधिकृत परकीय वस्तू.' टायवाल्यांनी त्या फडक्याचा फोटो काढून आणला होता, आणि अध्यक्ष तो फोटो खुनाचा सुरा बघावा तसा बघत होते.

आता हे फडकं काय प्रकरण आहे ते सांगतो. त्या काळच्या गाड्यांत टाकीतलं पेट्रोल ओढून इंजिनाला पुरवणारा एक छोटा पंप इंजिनालाच लावलेला असे. उन्हाळ्यात तो तापला की गाडी कुरकुर करते. म्हणून टॅक्सीवाले त्यावर ओलं फडकं गुंडाळतात. पंप गार राहतो. मुंबईतल्या कुठल्याही टॅक्सीवाल्याने हे सांगितलं असतं. पण समितीने टॅक्सीवाल्याला विचारायचं, ही कल्पनाच अध्यक्षांना अपमानास्पद वाटत होती. रोग झाला म्हणून माणसाने काढा घेतला, आणि डॉक्टर म्हणतो काढ्यामुळेच आजारी पडलास, तसला हा न्याय.

धर्मा रोज गोदामाच्या गेटवर येऊन उभा राहायचा. त्याला आत सोडायचं नाही असा हुकूम होता, कारण तो 'हितसंबंधित व्यक्ती'. कंपनीचे इंजिनिअर आत बसून आमच्याबरोबर पापलेट खात होते, त्यांचा बहुधा काही हितसंबंध नसावा.

तिसरी टेस्ट संपवून मी बाहेर पडलो तेव्हा धर्माने मला गाठलं. चाळिशीचा, काळासावळा, हात अजून दोरखंडाचे.

"साहेब, परली का बंद?"

"नाही रे. तासभर चालूच होती."

"तुमी बॉनेट उघरं ठेवूनशी चालवताव. मी हितून बगतो ना रोज."

"मग? बघायला नको का आत?"

"बगा ना. पन आमची गारी बंद परली का आमी काय करताव? बॉनेटच उघरताव. मंग दहा मिन्टांनी चालू व्हते. तुमी पयल्यापासूनच उघरलंय, वर पंखा लावलाय. ती बंद कशी परंल? तिला काय येर लागलंय?"

माझ्याकडे ऑटोमोबाइलचा डिप्लोमा होता, नोकरीची बारा वर्षं झाली होती, आणि तीन टेस्ट मी त्या पंख्याशेजारी उभा राहून चहा पीत पाहिल्या होत्या. अध्यक्षांना हसायचा मला काडीचा अधिकार नव्हता. त्यांना निदान इंजिनातलं काही कळत नव्हतं. मला कळत होतं, आणि तरीही मी बैलासारखा उभा होतो.

दुसऱ्या दिवशी मी लवकर जाऊन इंजिनात नीट हात घातला. टाकीकडून येणारा पेट्रोलचा पाइप एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून दोन बोटांवरून गेला होता. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनातला जळका धूर बाहेर नेणारा लोखंडी भाग. चालू गाडीत त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर चर्रकन उडून जातो. जुन्या मॉडेलमध्ये हा पाइप लांबून वळसा घालून जायचा. नव्यात इंजिन मोठं झालं, वळशाला जागा उरली नाही, म्हणून कुणीतरी ड्रॉइंगवर सरळ रेघ मारली. गाडी पळत असताना समोरून वारा येतो, तोवर निभतं. रांगेत रखडली की बॉनेटखाली भट्टी होते, पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. हापशाला हवा लागली की कितीही दांडा मारा, पाणी चढत नाही, तसं. याला आमच्यात व्हेपर लॉक म्हणतात. बॉनेट उघडलं की पाइप गार होतो, वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं आणि गाडी साळसूदपणे सुरू होते.

मी अध्यक्षांना पाइप दाखवला आणि म्हणालो, "साहेब, पुढची टेस्ट बॉनेट बंद करून घेऊ. पंखाही बंद ठेवू."

"बॉनेट बंद केल्यावर समितीने बघायचं काय? गाडीचा रंग?"

"बघायचं काही नाही, साहेब. बंद पडते का ते ऐकायचं."

टायवाले पुढे सरसावले. "सर, मंजूर पद्धतीत 'इंजिनाचे प्रत्यक्ष निरीक्षण' असा शब्द आहे. बॉनेट बंद असेल तर प्रत्यक्ष निरीक्षण कसं होईल?"

"बरोबर आहे," अध्यक्ष म्हणाले. "मोरे, पद्धत म्हणजे पद्धत."

"पण साहेब, रस्त्यावर बॉनेट उघडं टाकून गाडी कोण चालवतं?"

"आपण रस्त्यावर नाही आहोत, मोरे. आपण समितीत आहोत."

यापेक्षा खरं वाक्य मी नोकरीत दुसरं ऐकलं नाही.

शेवटची टेस्ट तीन तासांची होती. इंजिन सलग चालू ठेवायचं, अगदी जेवणाच्या सुट्टीतही. एकच्या ठोक्याला मंडळी शेजारच्या केबिनमध्ये जेवायला गेली. मी पोट बिघडल्याचं सांगून मागे राहिलो. पाटणकर स्टुलावर डबा उघडून बसले होते.

मी बॉनेट खाली घेतलं. पंखा फिरवून भिंतीकडे केला.

"अहो साहेब, हे काय करताय?"

"इंजिनाला फार वारा लागतोय, पाटणकर. सर्दी होईल."

पाटणकरांनी पोळीचा घास तसाच हातात धरला, मग खांदे उडवून खायला लागले. मी खोक्यावर बसलो. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. घामाने माझी बनियन अंगाला चिकटली होती. केबिनमधून हसण्याचे आवाज येत होते. वीस मिनिटं होऊन गेली आणि इंजिनाचा आवाज जरा बदलला. एकदा अडखळलं, सावरलं, पुन्हा अडखळलं, सगळी गाडी थरथरली, आणि शांत. मी किल्ली फिरवली. स्टार्टर फिरतोय, इंजिन पकडत नाही. पुन्हा फिरवली. नाही.

मी पोराटोरासारखा धावत केबिनच्या दारात गेलो. "साहेब, बंद पडलं! लवकर या!"

अध्यक्षांच्या हातात पापलेटचा काटा होता. "आलो, आलो. हात तरी धुऊ द्या."

टायवाले मात्र हात न धुताच उठले. आले ते सरळ गाडीकडे आणि त्यांनी बॉनेट उघडलं. मी ओरडलो, "उघडू नका!" तोवर ते वर टेकवून झालं होतं. त्यांनी लबाडीने उघडलं की सवयीने, ते मला आजही सांगता येणार नाही. गाडी बंद पडली की माणूस बॉनेट उघडतोच. मग अध्यक्षांची खुर्ची आली म्हणून शिपायाने पंखा पुन्हा जागेवर फिरवला. मग अध्यक्षांचे हात धुऊन झाले, बडीशेप झाली, प्राध्यापकांना ताक पाहिजे होतं ते झालं. सगळे गाडीशी जमेपर्यंत पंधरा मिनिटं उलटली.

टायवाल्यांनी दोन बोटांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं.

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखत होतो. धर्माकडे हवालदाराने तसंच बघितलं असणार.

"मोरे, किल्ली तुमच्याच हातात होती ना?"

"साहेब, मी कशाला बंद करीन?"

"मी कुठे म्हटलं तुम्ही केलंत? पोट बरं नसलं की माणसाला काहीही वाटतं. घरी जा, आराम करा."

माझा संताप झाला. पण त्या रात्री झोप उडाली ती संतापाने नव्हे. मी सरकारी ओळखपत्र खिशात घेऊन फिरणारा माणूस, मला खोटं पाडायला त्यांना पाव तास पुरला. धर्माच्या खिशात तर निलंबित लायसन्स होतं.

अहवाल पंधरा दिवसांत तयार झाला. 'इंजिन सलग तीन तास विनाखंड चालले. कोणताही दोष आढळून आला नाही. वाहनचालकांनी इंजिनावर परकीय वस्तू ठेवण्याचे टाळावे व त्यांना प्रशिक्षण देण्यात यावे.' मी माझं वेगळं मत एका पानावर लिहून दिलं. अध्यक्षांनी ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "हे आपण स्वतंत्रपणे पाठवू. अहवाल एकमताचा दिसला पाहिजे." मी सही केली. वर्षभरात माझं प्रमोशन होतं, घरात दोन पोरं होती, आणि धैर्य ही वस्तू माझ्याकडे बेताचीच होती. सही केली हे लपवत नाही. ते पान अर्थातच कुठेही गेलं नाही.

खटला उभा राहिला तेव्हा अहवाल शाबीत करायला समितीतला साक्षीदार लागणार होता. अध्यक्ष कामात होते. प्राध्यापक परीक्षेत होते. मला समन्स आलं.

कोर्टात पहिल्या बाकावर एक बाई बसलेली होती. पांढरी साडी, मांडीवर तीन-चार वर्षांची मुलगी. गायकवाडांची बायको कमलबाई. मूळची मराठवाड्यातली, दिघ्याला राहायची. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला धर्माची बायको. दोघींच्या मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा आणि तिथे कुणी बसत नव्हतं.

सरकारी वकिलांनी मला अहवाल दाखवला. "ही सही आपलीच?"

"माझीच."

"इंजिन सलग तीन तास चाललं, हे बरोबर?"

मी धर्माकडे बघितलं नाही, कमलबाईंकडेही नाही. छताच्या पंख्याकडे बघितलं आणि म्हणालो, "नाही. दीडच्या आधी बंद पडलं. मी समोर होतो."

सरकारी वकील माझ्यापेक्षा जास्त दचकले. त्यांनी घाईघाईने पाटणकरांचं रजिस्टर पुढे केलं. त्यात सव्वाला नॉर्मल, दीडला नॉर्मल, पावणेदोनला नॉर्मल, दोनला नॉर्मल. मोत्यासारखं अक्षर. "हे अधिकृत रजिस्टर खोटं आणि तुम्ही खरे?"

"रजिस्टर लिहिणाऱ्याला विचारा," मी म्हणालो.

पुढच्या तारखेला पाटणकर पिंजऱ्यात उभे राहिले. इस्त्रीचे कपडे, कपाळाला गंध. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या रजिस्टरवर कुणी कधी शंका घेतली नव्हती आणि त्यांना या प्रकाराचा राग आलेला स्पष्ट दिसत होता. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी स्वतःच विचारायला सुरुवात केली.

"दीडची नोंद तुमच्या हातची?"

"हो साहेब."

"ती किती वाजता लिहिलीत?"

"एकला पाच कमी असताना."

मॅजिस्ट्रेटांनी पेन खाली ठेवलं. "आणि दोनची?"

"तीही तेव्हाच, साहेब. जेवणाच्या सुट्टीतल्या नोंदी आम्ही जेवणाआधीच भरून ठेवतो. मागाहून म्हटलं तर राहून जातात. माझ्या रजिस्टरमध्ये तुम्हाला एकही रिकामा रकाना सापडणार नाही."

"पण दोन वाजता इंजिन चालू असणार हे तुम्हाला एक वाजता कसं कळलं?"

"आधीच्या तिन्ही टेस्टमध्ये चालूच होतं ना, साहेब."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी बंद पडलं."

"तुम्ही पाहिलंत?"

"माझ्यासमोरच पडलं. मोरेसाहेब ओरडत आत गेले. पण तोवर लिहून झालं होतं, आणि अधिकृत रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही."

हे त्यांनी किती अभिमानाने सांगितलं ते लिहून कळणार नाही. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य स्वतः टंकलेखकाला शब्दशः सांगितलं. माझं म्हणणं एका माणसाचं होतं, ते उडवून लावता आलं असतं. पाटणकरांना उडवून लावता येईना, कारण त्यांना कुणाची बाजू घ्यायची नव्हती. त्यांना आपल्या रजिस्टरची इज्जत राखायची होती.

धर्मा सुटला. संशयाचा फायदा देऊन. म्हणजे इंजिनात दोष आहे असं कोर्टाने म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. समितीच्या अहवालावर विसंबता येत नाही, एवढंच म्हटलं. लायसन्स परत मिळालं.

कंपनीने निकालाविरुद्ध ओरड करायचा वगैरे त्रास घेतला नाही. तिने त्याहून शहाणपणाची गोष्ट केली. पुढच्या खेपेच्या गाड्या पासिंगला आल्या तेव्हा मी बॉनेट उघडून पाहिलं. पेट्रोलचा पाइप मागच्या बाजूने लांबून फिरवलेला. वर उष्णता अडवणारी गुंडाळी घातलेली. मी टायवाल्यांना फोन केला.

"दोष नव्हता ना? मग पाइप का हलवला?"

"ती सुधारणा आहे, मिस्टर मोरे. आम्ही सतत सुधारणा करत असतो."

"आधी विकलेल्या गाड्यांचं काय?"

"त्यात दोष नसल्याचं तुमच्याच समितीने म्हटलंय."

माझीच सही त्यांनी माझ्या तोंडावर फेकली. मी फोन ठेवला.

निकालाच्या दिवशीचं सांगायचं राहिलं. बाहेर व्हरांड्यात धर्मा माझ्या पाया पडायला आला, मी त्याला अडवलं. मागे कमलबाई उभ्या होत्या. मला वाटलं आता या शिव्या देणार. त्यांनी धर्माकडे एकदा पाहिलं आणि मला विचारलं,

"साहेब, ह्यो सुटला ते बरं झालं. ह्येचा दोष न्हवता ते कळलं मला. मंग माझा मानूस गेला कुनाच्या पायी?"

"गाडीच्या, बाई. इंजिनाच्या."

"अशा गाड्या अजून हायेत?"

"आहेत."

"मंग त्या लोकान्ला कळवलंय का तुमी?"

मुलगी त्यांच्या पदराला ओढत होती. त्या तिला कडेवर घेऊन जिना उतरून गेल्या.

त्यांनी विचारलेला प्रश्न इतका साधा होता की समितीच्या एकाही बैठकीत तो निघाला नव्हता. आमच्या ऑफिसात प्रत्येक गाडीची नोंद असते, मालकाच्या पत्त्यासकट. लोकांना त्या नोंदी दंडाची नोटीस पाठवायला असतात असं वाटतं. आम्हालाही तसंच वाटायचं. मी अध्यक्षांकडे गेलो. "उगीच घबराट होईल," ते म्हणाले. मग वरिष्ठांकडे गेलो. "समिती विसर्जित झाली, विषय संपला," ते म्हणाले.

मी पोस्टकार्डं आणली. रोज ऑफिस सुटल्यावर नोंदवहीतून त्या मॉडेलचे पत्ते काढायचे आणि लिहायचं. तिसऱ्या दिवशी पाटणकर आपणहून शेजारी येऊन बसले. "तुमचं अक्षर पोस्टमनला लागणार नाही," म्हणाले आणि निम्मी कार्डं ओढून घेतली. मजकूर साधा होता: आपल्या गाडीचा पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टला फार जवळ आहे, कुठल्याही चांगल्या मेकॅनिककडून लांबून फिरवून घ्या, तोवर गाडी तापलेली असताना रांगेत रखडलात तर आधी कडेला घ्या. खाली माझं नाव. धर्मा दुरुस्त केलेली टॅक्सी घेऊन स्टँडवर उभा असायचा, तो आपल्या परीने बाकीच्या टॅक्सीवाल्यांना धरून धरून सांगत होता.

महिन्याभरात मला मेमो आला. 'विनापरवानगी वाहनमालकांशी पत्रव्यवहार करून खात्याची प्रतिमा मलिन केल्याबद्दल खुलासा करावा.' पाटणकरांचं नाव त्यात नव्हतं. अक्षर ओळखणारे होते, पण त्यांना मेमो देणार कोण? ऑफिसातले सगळे मेमो तेच लिहायचे. मी खुलाशात लिहिलं की पोस्टकार्डं स्वतःची होती, शाई स्वतःची होती आणि माहिती खरी होती. सोबत मालकांची आलेली उत्तरं जोडली. पेणच्या एकाने लिहिलं होतं, 'पाइप फिरवून घेतला. गाडी घाटातही बंद पडत नाही. गेल्या महिन्यात मुलांना घेऊन रस्त्यात अडकलो होतो, ट्रकवाल्याने कट मारला म्हणून वाचलो. आपल्या खात्याचे उपकार विसरणार नाही.'

खुलासा असमाधानकारक ठरला. एक इन्क्रिमेंट रोखलं, प्रमोशन दोन वर्षं पुढे गेलं. जोडलेली पत्रं मात्र वाया गेली नाहीत. खात्याच्या त्या वर्षीच्या अहवालात 'लोकाभिमुख कार्य' या मथळ्याखाली ती छापून आली: 'सदोष आढळलेल्या वाहनांच्या मालकांना खात्याने वेळीच वैयक्तिक मार्गदर्शन केले.' सदोष हा शब्द सरकारी कागदावर आला तो तेवढा एकदाच. मी त्या पानाची प्रत काढून दिघ्याला कमलबाईंना नेऊन दिली. त्यांना वाचता येत नव्हतं. शेजारच्या पोरीने वाचून दाखवलं. त्यांनी कागद घडी करून डब्यात ठेवला आणि मला चहा विचारला.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी बऱ्याच गाड्यांच्या चौकश्या केल्या. दरवेळी सगळ्यात आधी ड्रायव्हरला बोलावून विचारायचो, "गाडी बिघडली की तू काय करतोस?" मग टेस्टमध्ये तो सांगेल तेवढा उपाय सोडून बाकी सगळं करायचो, म्हणजे बिघाडाला लपायला जागा उरत नसे. दोष सापडायला मला कधी पंधरवडा लागला नाही.